बाय, अंगठ्याचं काय झालं?

प्रिय बाय,

काल "बाबा, प्लीज" म्हणून फोन कट केलास, म्हणून लिहितोय. अंगठ्याचा विषय काढणार नाही असं आईला कबूल केलंय. पण व्हिडिओ कॉलवर तू चहाचा कप दोन्ही हातांनी उचललास ते मला दिसलं, आता गप्प कसा बसू?

तू फिजिओ, माईला तूच दाखवलेलंस ना, अंगठा मुठीत घ्यायचा, मनगट करंगळीच्या बाजूला वाकवायचं, कळ आली तर डी क्वेर्व्हेन, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी मनगटातली सूज, असू शकतं म्हणून. बाळंतिणींना जास्त होतं म्हणालेलीस, सारखं बाळ उचलून. स्वतःवर केलीस का ती टेस्ट? केली असशील आणि दुखलं असेल, म्हणूनच सांगत नाहीस.

२०२१च्या मे महिन्यात गोव्यात कोविडची टेस्ट केलेल्या दोघांत जवळजवळ एक पॉझिटिव्ह निघत होता, आम्ही कर्फ्यूत दार लावून बसलेलो आणि तू पीपीई किटात घामाने चिंब होऊन पेशंटना पालथं करत होतीस, छातीवर थापट्या मारून कफ सुटा करत होतीस. सगळ्यांना सांगत होते लांब उभे राहा, आणि तुझं काम हात लावल्याशिवाय होतच नाही. साखळीच्या बाजारात कोण भेटलं की मी आपणहून सांगतो, मुलगी फिजिओ, कोविड वॉर्डात आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये संसदेत तुम्हा फिजिओंसारख्यांसाठी कायदा झाला, ती बातमी कापून ठेवलीय. "मालीशवाली होणार काय" म्हणणारे काका आता दम लागतो म्हणून श्वासाच्या व्यायामाचं ते तीन बॉलवालं यंत्र कसं ओढायचं ते तुलाच विचारतात.

कदंब बसची ड्युटी संपवून आलो की मी पालथा पडायचो आणि तू भिंतीला धरून माझ्या पाठीवर चालायचीस, पाच-सहा वर्षांची असशील, दुखतं तिथेच नेमका पाय थांबायचा तुझा. मी न सांगता. तेव्हाच आई म्हणालेली, हिच्यात काहीतरी आहे.

कंबर दुखते म्हणजे काय होतं ते मला विचार. आधी झोप जाते, मग माणूस घरातल्यांवर ओरडतो, मग गप्प होतो. तू रात्री तीनला ऑनलाइन दिसतेस. त्या मे मधल्या रात्रींबद्दल तू अजून एक शब्द बोलली नाहीस. अंगठ्याचं एवढं विचारतो ते त्यामुळेच गो, हे विचारायला मला जमत नाही.

बेड उंच करून घे, वाकू नकोस, अंगठ्याऐवजी कोपर वापर, रात्री स्प्लिंट लाव, दोन पेशंटांमध्ये थोडा तरी गॅप ठेव. सॉरी, लेक्चर झालं. हे सगळं तूच लोकांना शिकवतेस.

बांबोळीला आयपीएचबीत, त्या मनोरुग्णालयात, कोणाशी बोलायचं असेल तर मी येतो बरोबर, बाहेर बाकावर बसेन, काही विचारणार नाही. लोक त्या जागेचं नाव काढून हसतात, हसूदेत. मी कमरेसाठी ऑर्थोकडे गेलो तेव्हा कोण हसलं नाही.

रविवारी दादा गाडी घेऊन ताळगावला येतोय, आईने उकडे तांदूळ आणि फणसाची साठं दिलीयत. पिशव्या तू उचलू नकोस, तो वर आणून देईल. दोन आठवड्यांच्या रजेचा अर्ज त्याआधी देऊन टाक, आणि नाही म्हणाले तर मला लगेच कळव.

बाबा