गाडीचं तेल कुठून गळत होतं

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

आखाजीच्या सणाला आलीस आणि दोन दिवस झोक्यावर आणि मैत्रिणींत गेले, तेवढ्यात मी तुझी मोटारसायकल उघडली. फोनवर सांगितलेलं राहत नाही, म्हणून लिहितो आहे. हा कागद वाचून झाला की साइड कव्हरच्या आत, टूल किटजवळ ठेव.

आलीस त्याच रात्री सारवलेल्या अंगणात, गाडीच्या डाव्या अंगाखाली बंद्या रुपयाएवढा डाग दिसला. तू म्हणालीस, धुळ्याच्या मिस्त्रीने जुनं तेल सोडायच्या ड्रेन बोल्टचा वॉशर दोनदा बदलला आणि आता इंजिन उतरवायचं म्हणतो. बेटा, तेल खाली उतरतं आणि चालत्या गाडीवर वाऱ्याने मागे जातं. ड्रेन बोल्ट सगळ्यांत खाली, म्हणून थेंब तिथून पडतो. गळती वर कुठेही असू शकते.

मी आधी रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने इंजिन धुतलं, कपड्याने कोरडं केलं आणि तुझ्या आईच्या डब्यातली पावडर सगळीकडे भुरभुरली. मग बोरीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. आल्यावर बॅटरी घेऊन खाली वाकलो. टॅपेटची झाकणं पांढरी, मॅग्नेट कव्हरचा जोड पांढरा, ड्रेन बोल्टही पांढरा. चेन फिरवणाऱ्या पुढच्या दातेरी चाकाच्या, म्हणजे स्प्रॉकेटच्या कव्हरखालून मात्र एक काळी रेघ उतरली होती. चेनचं ऑइल उडालं असेल अशी शंका आली, म्हणून पांढऱ्या फडक्याने टिपलं. चेनचं चिकट आणि कचकचीत असतं. हे पातळ होतं, इंजिनचंच.

कव्हर काढलं तर आत काळी माती तेलात भिजून गाळ झालेला. तो खरवडला, मागचा एक्सल ढिला केला आणि दहाच्या पान्याने प्लेटचे दोन बोल्ट काढून स्प्रॉकेट ओढून घेतलं. मागे शाफ्टभोवतीचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, ओलं होतं. गाडी 2009 ची. इतकी वर्षं इंजिनची उष्णता, वर आपल्याकडचा वैशाख. रबर कडक होणारच. पण चेनही फार ताणलेली होती. ताणलेली चेन शाफ्टला सतत एका बाजूला ओढते आणि सीलचा ओठ एकाच अंगाने झिजतो. मधोमध बोटाने वरखाली केली तर चेन 20 ते 30 मिमी हलली पाहिजे. कुणी घट्ट करून दिली तर तिथल्या तिथे सैल करून घे.

सील स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना हात जपला. बसायच्या जागेवर ओरखडा पडला तर नवीन सीलही गळतं. शाफ्टच्या दात्यांनी नव्या सीलचा ओठ कापला जाऊ नये म्हणून दुधाच्या पिशवीचा तुकडा शाफ्टवर गुंडाळला, ओठाला तेल लावलं आणि स्प्रिंगची बाजू आत ठेवून सील सरकवलं. मग त्याच मापाची पान्याची गोटी (सॉकेट) वर ठेवून हलक्या हाताने सगळीकडून सारखं दाबलं. तिरकं बसवून चालत नाही. खर्च दोघांच्या चहा-नाश्त्याएवढा आला. त्यासाठी इंजिन उतरवायला निघाला होता तो माणूस, याचा मला अजून राग आहे.

पण जास्त भीती मला मागच्या चाकाची वाटली. रिमवर शिंतोडे होते. लळिंगच्या घाटात टायरवर तेल आलं असतं तर, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही. डाग दिसल्या दिवशीच फोन करायचास. आणि तेल कमी झालं तर इंजिन आतून झिजतं, म्हणून दर रविवारी मेन स्टँडवर तेल मोजायची डिपस्टिक बघ. पुसून नुसती ठेवायची, आटे फिरवायचे नाहीत. दोन खुणांच्या मध्ये तेल हवं, वरच्या खुणेच्या पुढे नको.

जुनं सील डब्यात लाडवांशेजारी वेगळ्या पिशवीत बांधलंय. ओठावर नख फिरवून बघ, वाळलेल्या भाकरीच्या कडेसारखा लागेल. आठवडाभर रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा ठेव आणि रविवारी मला सांग.

तुझे
आप्पा