बागामोयोची गोरखचिंच

दार-ए-सलाम

ती. आई व ती. बाबा यांस साष्टांग नमस्कार.

सुकेळी पोचली. केळीच्या सुक्या पानातला पुडा सोडला आणि स्वयंपाकघरभर आपल्या वाडीचा वास झाला. अर्धी शेजारी वाटली, उरलेली पुरवून खातेय.

आई, तू परवा फोनवर विचारलंस, ‘तिथं देवाधर्माचं काही होतं का गं?’ हो म्हटलं, पण एवढ्यानं तुझं समाधान झालं नसणार. इथं किसुटू भागात देवळं आहेत, बहुतेक गुजराती मंडळींनी बांधलेली. आरतीला जाते. मात्र गेल्या रविवारी जे पाहिलं ते तुम्हा दोघांना सांगितल्याशिवाय मला राहवेना.

आम्ही बागामोयोला गेलो होतो. इथून उत्तरेला समुद्राकाठचं जुनं बंदर. आतल्या मुलखातून हस्तिदंत आणि साखळदंडातली माणसं इथवर चालवत आणायचे आणि गलबतांतून झांझिबारला न्यायचे. गाव आता शांत आहे, पण ते ऐकून पाय जड होतात. तिथं कॅथलिक मिशनचं आवार आहे, थेट आपल्या वसईची आठवण व्हावी असं. त्या आवारात एक झाड उभं आहे. बाबा, ती गोरखचिंच आहे! किल्ल्यात तुम्ही मला खांद्यावर बसवून जिच्या बुंध्यावर हात फिरवायला लावायचात, तीच. तीच राखाडी, गुळगुळीत साल आणि हाताच्या पंज्यासारखी पानं. इथं तिला म्बुयू म्हणतात.

मिशनऱ्यांनी ती 1868 साली लावली. पुढं तिथल्या दवाखान्यातल्या एका फ्रेंच बाईनं गाढव बांधायला बुंध्याला साखळी अडकवली आणि ती काढायची राहून गेली. झाड वाढत गेलं आणि साखळी पोटात घेत गेलं. आता जेमतेम थोडे दुवे बाहेर दिसतात. ते पाहताना मला एकदम आळंदीचा अजानवृक्ष आठवला. आई, एकनाथांच्या स्वप्नात ज्ञानोबा आले आणि ‘मुळी गळ्याला लागलीय, येऊन काढ’ म्हणाले, ती गोष्ट तू सांगायचीस तेव्हा मी हमखास स्वतःचा गळा चाचपायची. झाडाला दुखत असेल का, हा तेव्हाचा प्रश्न मला तिथं पुन्हा पडला.

इथल्या किनाऱ्यावर जुन्या म्बुयूला लोक फार मानतात. त्यात अदृश्य शक्तींचा वास असतो म्हणतात. फांदीला रंगीत कापड बांधतात, मुळाशी नाणी ठेवतात, गुलाबपाणी शिंपडतात. वडाला दोरा गुंडाळणाऱ्या बाईला यात परकं काय वाटणार? आफ्रिकेत आणखी एक गोष्ट सांगतात, की देवानं रागावून हे झाड उपटलं आणि उलटं खोचलं. पानं झडल्यावर फांद्या खरंच मुळांसारख्या दिसतात. आपल्याकडं मात्र गोरखनाथांनी याच्या सावलीत शिष्यांना उपदेश केला म्हणतात. मला आपली गोष्ट जास्त आवडते. कुणीतरी, अरब व्यापाऱ्यांनी, हबशी खलाशांनी नाहीतर पोर्तुगीजांनी, समुद्रापलीकडून आणलेलं झाड आणि आपल्या माणसांनी त्याला नाथांच्या पंथात बसवून घेतलं! परक्याला घरचं करून घेण्याची ही रीत मला श्रद्धेतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. आई, इथं राहून माझा देवधर्म तुटेल अशी भीती तुला वाटते ना, तिचं माझ्याजवळचं उत्तर हेच आहे.

बाबा, या झाडाची फुलं मी अखेर पाहिली. मोठी, पांढरी, लांब देठावर खाली लोंबणारी. संध्याकाळी उमलतात, रात्री वटवाघळं येतात, दुसऱ्या दिवशी माना टाकतात. वास मुळीच चांगला नाही. फळाचा गर आंबट, कोरडा, जिभेवर विरघळणारा. त्याच्या बिया साखरेत घोळवून, लाल रंग लावून विकतात. पोरांची तोंडं लालभडक होतात. तारांगिरेच्या जंगलात तर हत्ती पाण्यासाठी याचे बुंधे सोलून काढतात, कारण याचं लाकूड मऊ आणि ओलाव्यानं भरलेलं.

माझ्या विषमज्वरात आईनं वज्रेश्वरीला नवस बोलला होता. तो फेडायला आपण एसटीनं गेलो, ते मला पुसट आठवतं. पायरीवरचं सोन्याचं कासव मात्र लख्ख आठवतं, आणि अकलोलीच्या गरम कुंडात पाय बुडवून रडलेली मी. चिमाजीअप्पांनीही वसई घेण्यासाठी याच देवीला नवस केला आणि 1739 त किल्ला सर झाल्यावर देऊळ बांधलं, हे बाबा परतीच्या गाडीत सांगत होते. तेव्हापासून माझ्या मनात ते थोर सेनापती आणि माझी आई एका रांगेत उभे आहेत.

आता मुद्द्याचं. तुम्ही दोघं इकडं या. ‘आता आमचं वय राहिलं का’ हे मला ऐकायचं नाही. जून ते ऑगस्ट इथं हवा गार आणि कोरडी असते, बाबांच्या गुडघ्याला सोसेल. विमानतळावर चाकाची खुर्ची मिळते, त्यात बसायला लाजू नका. आईसाठी तूरडाळ, कोकम, गोडा मसाला सगळं घरात आहे. बागामोयोला आपण सावकाश जाऊ, सावलीत बाक आहेत. तेव्हा झाडावर पानं नसतील, पण त्या झाडाच्या बुंध्याला तुम्हा दोघांचे हात लागलेले मला पाहायचे आहेत, आणि ते फार पुढं ढकलायचं नाही.

पासपोर्टची मुदत बघून ठेवा. आईचा बहुतेक संपलाय. मामाच्या मुलाला सोबत घेऊन अर्ज करा, एकटे रांगेत उभे राहू नका. किल्ल्यात गेलात तर झाडाखाली फळ पडलंय का बघा. मिळालं तर गर चाखा आणि इथल्यासारखाच आंबट लागतो का ते रविवारी फोनवर सांगा.

तुमची,
नीलू