वेइवेइचा प्रश्न अजून तिथेच आहे

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘द वेडिंग बँक्वेट’ या चित्रपटाच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीवर आलेला लेख वाचला. लेख अभ्यासपूर्ण आहे. तीस वर्षांहून जुन्या तैवानी-अमेरिकी विनोदपटाला मराठी पुरवणीत एवढी जागा मिळाली, याचा आनंदही झाला. त्याचा शेवट मात्र मला अजिबात पटला नाही. समलिंगी विवाह अमेरिकेत आणि तैवानमध्ये आता कायदेशीर झाले, तेव्हा १९९३ चा मूळ चित्रपट आज केवळ त्या काळाची नोंद म्हणून पाहावा, असे लेखक म्हणतात. तसे असते तर मी हे पत्र लिहायला बसले नसते.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. वेइतुंग मूळचा तैवानचा, न्यूयॉर्कमध्ये चांगला स्थिरावलेला. सायमन हा त्याचा अमेरिकी जोडीदार, पेशाने फिजिओथेरपिस्ट. दोघांचा संसार सुखाचा आहे, फक्त तैवानमधल्या आईवडिलांना त्याचा पत्ता नाही. आई कॅसेटवर बोलून ती मुलाला पाठवते आणि विषय एकच, लग्न कधी करतोस? वेइतुंगच्या इमारतीत वेइवेइ नावाची शांघायची चित्रकार भाड्याने राहते. तिच्याकडे भाड्याला पैसे नाहीत आणि देशात राहायला धड कागदपत्रेही नाहीत. तोडगा सायमन सुचवतो. वेइतुंग आणि वेइवेइने नावापुरते लग्न करावे, म्हणजे तिला ग्रीन कार्ड मिळेल आणि त्याच्या घरचे शांत होतील. पण घरचे शांत होण्याऐवजी थेट विमानाने न्यूयॉर्कला येऊन दाखल होतात. नगरपालिकेतले दोन मिनिटांचे लग्न पाहून आईला रडू कोसळते. मग वडिलांच्या हाताखाली सैन्यात काम केलेला एक जण भेटतो, तो आता हॉटेलमालक झालेला असतो, आणि मोठ्या मेजवानीचा घाट घातला जातो. दिग्दर्शक अँग ली स्वतः त्या मेजवानीत पाहुणा म्हणून क्षणभर दिसतात. बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला ‘गोल्डन बेअर’ हे तिथले सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले आणि परभाषिक ऑस्करसाठी तैवानतर्फे त्याला नामांकनही होते.

यातला विनोद कुठून येतो, हे नीट पाहायला हवे. आपल्याकडे पुरुषाने साडी नेसली की हशा हमखास पिकतो. ‘अशी ही बनवाबनवी’तल्या सुधा आणि पार्वतीवर महाराष्ट्र १९८८ पासून हसतो आहे, मीही हसते, आणि तिथेही अडचण भाड्याच्या खोलीचीच आहे. अँग ली यांच्या चित्रपटात कुणी वेष पालटत नाही, तरी घरातला प्रत्येक जण सोंग वठवतो आहे. वेइतुंग नवरदेवाचे, सायमन नुसत्या मित्राचे, वेइवेइ गुणी सुनेचे. वेइवेइला स्वयंपाक येत नाही. रांधतो सायमन, कौतुक तिचे होते. आजारी सासऱ्यांच्या तब्येतीकडे लक्ष तोच देतो. बाईचे म्हणून ठरवून टाकलेले काम एक पुरुष मायेने करतो आहे आणि त्याचे श्रेय बाईच्या नावावर जमा होते आहे, कारण तसे झाले नाही तर घराचे चित्र बिघडेल. पाहताना आपण हसतो ते याला. यात कुणाच्याही असण्याची थट्टा नाही, म्हणून तो विनोद आजही शिळा वाटत नाही.

एक प्रसंग तर विसरता येत नाही. वेइवेइला दिवस गेल्याचे कळल्यावर सायमनचा संयम सुटतो आणि खाण्याच्या टेबलाशीच तिघांचे इंग्रजीत कडाक्याचे भांडण जुंपते. आईवडील समोर बसलेले आहेत, पण त्यांना इंग्रजी येत नाही अशी तिघांची खात्री. वडिलांना मात्र सारे कळते. ते पुढे एकदा सायमनला एकट्याला गाठतात, त्याच्या वाढदिवसाचे म्हणून हातात पैशांचे लाल पाकीट ठेवतात आणि वेइतुंग माझा मुलगा, म्हणजे तूही माझा मुलगा, असे त्याला सांगतात. हे कुणालाही सांगायचे नाही, अशी अटही घालतात. आईला मुलाने आधीच खरे सांगितलेले आहे आणि तिने वडिलांपासून लपवायला बजावले आहे. म्हणजे सगळ्यांना सगळे माहीत आहे आणि सगळे एकमेकांपासून लपवत आहेत. आपल्या घरांतूनही हे असेच चालते, म्हणून तो तैवानी म्हातारा मला परका वाटला नाही.

आता कायद्याविषयी. सायमन आणि वेइतुंगसाठी काळ बदलला, हे लेखकाचे म्हणणे खरे आहे. समलिंगी परदेशी माणसाला केवळ त्या कारणावरून प्रवेश नाकारता येईल अशी तरतूद अमेरिकेच्या कायद्यात १९९० पर्यंत होती. न्यूयॉर्क राज्याने समलिंगी विवाह २०११ मध्ये मान्य केला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तो देशभर लागू केला आणि तैवानने २०१९ मध्ये आशियात पहिल्यांदा तसा कायदा केला. हे सगळे मोठे आहे आणि लोकांनी झगडून मिळवलेले आहे. (आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातला अन्याय २०१८ मध्ये दूर झाला, पण विवाहाला मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. तेव्हा पुण्या-नाशिकच्या वेइतुंगने त्या चित्रपटाकडे जुनी आठवण म्हणून पाहावे, असे म्हणण्याची आपली तर मुळीच पात्रता नाही.)

पण वेइवेइचे काय? लेखात तिच्या वाट्याला दोन ओळी आल्या आहेत आणि त्यातही ती ‘सोयीची वधू’ आहे. सोय कुणाची? वेइतुंगकडे घर आहे, पैसा आहे, अमेरिकेत राहण्याचा हक्क आहे, प्रेम करणारा माणूस आहे. सायमन तर तिथलाच. वेइवेइकडे तिची चित्रे सोडून काहीही नाही. लग्नाच्या रात्री पाहुणे खोलीत घुसून धिंगाणा घालतात, दोघांना पांघरुणाखाली कपडे उतरवायला लावतात आणि निघून जातात. त्यानंतर वेइवेइ दारू प्यायलेल्या वेइतुंगच्या जवळ जाते आणि दिवस जातात. चित्रपट हे फार सहजपणे घेतो आणि तिथे मला तो खटकतो. त्या खोलीत त्याची संमती कुणी विचारली नाही, तशीच त्या संपूर्ण मेजवानीत तिचीही कुणी विचारलेली नाही. पुढे गर्भपातासाठी निघालेली वेइवेइ मूल ठेवायचे ठरवते आणि सायमनने त्या मुलाचा एक बाप व्हावे असे त्याला विचारते. आईवडील तैवानला परत जातात आणि चित्रपट संपतो.

वेइवेइचे खरे दिवस त्याच्यानंतर सुरू होतात. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्यानुसार नव्या लग्नावर मिळणारे ग्रीन कार्ड दोन वर्षांपुरते आणि सशर्त असते. ते कायम करून घ्यायला सर्वसाधारणपणे नवरा-बायको दोघांच्या सहीचा अर्ज लागतो. खोट्या लग्नाची शिक्षा पाच वर्षांपर्यंतचा तुरुंगवास आणि अडीच लाख डॉलरपर्यंतचा दंड. म्हणजे हातात मूल असलेल्या वेइवेइचे त्या देशातले असणे वेइतुंगच्या चांगुलपणावर आणि एका सहीवर टांगलेले आहे. तो चांगला माणूस आहे, हे तिचे नशीब. समलिंगी विवाहाच्या कायद्याने यात काडीचाही फरक पडलेला नाही.

हे मी एवढ्या तळमळीने लिहिते आहे, कारण त्या सहीची किंमत मी पाहिली आहे. लग्नानंतर मी न्यू जर्सीत एडिसनजवळ राहत होते, एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर. माझे लग्न खरे होते, नवरा प्रेमळ होता, वेइवेइसारखे लपवण्याजोगे काही नव्हते. तरीही महाराष्ट्रात महाविद्यालयात शिकवणारी मी तिथे कायद्याने एक डॉलरही कमवू शकत नव्हते. गाडीच्या परवान्यासाठी रांगेत उभी राहिले तेव्हा खिडकीतल्या बाईंनी माझ्या पदव्या नाही, नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या मंजुरीचा कागद मागितला. परवान्याची मुदतही त्याच कागदाच्या मुदतीएवढी. आमच्या ओळखीत डॉक्टर होत्या, वास्तुविशारद होत्या, सी.ए. होत्या. गणेशोत्सवात मंडळाच्या कामाला सगळ्यांत पुढे याच बायका असायच्या, कारण कामाची भूक भागवायला दुसरी जागा नव्हती. एकीचा संसार फार वाईट चालला होता. घटस्फोट घेतला तर त्याच दिवशी इथे राहण्याचा आपला आधार जातो, हे तिला पक्के ठाऊक होते, म्हणून ती गप्प राहिली.

मे २०१५ पासून काही एच-४ धारकांना काम करण्याची परवानगी मिळू लागली, पण जोडीदाराचा ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत मंजूर झालेला असेल तरच. रोजगारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग वर्षानुवर्षे हलत नाही. त्या रांगेत नाव नवऱ्याचे असते आणि बायको त्याच्या मागे उभी असते.

म्हणूनच नव्या आवृत्तीबद्दल लेखकाच्या नजरेतून जे निसटले ते मला फार महत्त्वाचे वाटते. अँड्र्यू आन यांचा २०२५ चा चित्रपट सिअॅटलमध्ये घडतो. त्यात व्हिसाची अडचण आहे ती मिन या श्रीमंत कोरियन घराण्यातल्या तरुणाची. त्याच्याशी नावापुरते लग्न करणारी अँजेला अमेरिकेचीच आहे आणि तिला स्वतःची जोडीदारीण आहे. चित्रपट प्रेमळ आहे, कोरियाहून येणारी आजी तर लाजवाब. पण गरीब, एकटी, कागदपत्रे नसलेली स्त्री त्या कथेतून नाहीशी झाली आहे. जुनी अडचण सुटली म्हणून नवी कथा रचताना, जी सुटली नव्हती तीही बाजूला ठेवली गेली. जुना चित्रपट आजही पाहायला हवा, असे मी म्हणते ते यासाठी. जाता जाता सांगते, वेइवेइची भूमिका करणाऱ्या मे चिन पुढे राजकारणात गेल्या आणि तैवानच्या कायदेमंडळावर निवडून आल्या.

मराठी माणसे अमेरिकेत कितीतरी दशके आहेत. बृहन्महाराष्ट्र मंडळ ही तिथल्या मराठी मंडळांची संघटना १९८१ पासून आहे, दर दोन वर्षांनी तिचे मोठे अधिवेशन भरते आणि इथून नाटके, गायक, कलाकार तिकडे जातात. तिथल्या सासू-सुनांवरची, बाळंतपणाला गेलेल्या आईवरची प्रहसने मी पाहिली आहेत आणि त्यांत पोट धरून हसलेही आहे. नवऱ्याच्या कागदावर जगणाऱ्या बाईचा किंवा घरी काही न सांगू शकलेल्या मुलाचा असा मायाळू, खट्याळ विनोद मात्र तिथे माझ्या पाहण्यात आला नाही. आपल्या लेखकांना तो जमणार नाही असे मला वाटत नाही. साहित्य तर प्रत्येक दुसऱ्या घरात तयार आहे.

आपल्याला माझी एक विनंती आहे. परदेशस्थ मराठी माणसांवर आपली पुरवणी नेहमी लिहिते, पण त्यांत बहुतेक वेळा नोकरी करणारा, पुरस्कार मिळवणारा माणूस असतो. अवलंबितांच्या व्हिसावर वर्षे काढलेल्या बायकांना, आणि आता तसे राहणाऱ्या काही पुरुषांनाही, त्यांच्याच शब्दांत लिहायला सांगावे. ज्यांना नाव द्यायचे नसेल त्यांचे नाव छापू नये. माझ्या एडिसनच्या दोन मैत्रिणी लिहायला तयार आहेत. आपण होकार कळवलात तर त्यांचे लेख मिळवून पाठवण्याची जबाबदारी मी घेते.

आपली,
एक नियमित वाचक,
ठाणे