उभं राहिलेलं इंजिन

लातूर, १४ मे

प्रिय दोस्ता,

विमान घेतलं नाही. तू पहिलं हेच विचारशील म्हणून आधीच सांगतो. चौघांनी मिळून पैसे जमवले, बयाणा खिशात होता, तरी तसेच परतलो. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही बघ.

सेसना १५२, १९८० चं. दोन सीटं, लायकमिंग कंपनीचं ११० हॉर्सपॉवरचं इंजिन. रंग नवाकोरा. मालक म्हणाला, "इंजिनाचे ११०० तासच झालेत, ओव्हरहॉल २४०० ला." ओव्हरहॉल म्हणजे अख्खं इंजिन उघडून नव्यानं बांधायचं. आमचे तिघं तिथंच पाघळले, मीही. पंखावर हात ठेवला आणि चिकलठाण्याच्या विमानतळाच्या कुंपणाला लटकून आपण विमानांची वाट बघायचो ते दिवस आठवले.

मग लॉगबुक उघडलं, विमानाच्या उड्डाणांची आणि कामांची नोंदवही. भरगच्च पानं, आणि मध्येच सलग नऊ वर्षं एकही उड्डाण नाही. त्यानंतरची नोंद थेट रंगकामाची. सोबत आलेले इंजिनिअर काका गप्प झाले. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, हा क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या, वर असतो. इंजिन उभं राहिलं की तेल निथळून खाली जातं, कॅमशाफ्ट कोरडा पडतो, पावसाळ्यात गंजतो. म्हणून तर कंपनी तासांसोबत १२ वर्षांचीही मर्यादा घालते.

काकांनी एकेका सिलिंडरला ८० पौंडांची हवा लावली. तिघांत दाब ७४-७६ वर टिकला, चौथ्यात ५२. "कान लाव," म्हणाले. एक्झॉस्टच्या नळीतून बारीक फुसफुस येत होती, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गेलेला. तेल भरायच्या तोंडातून आली असती तर पिस्टनच्या रिंगा गेलेल्या. मग ऑइल फिल्टर कापला, कागदाच्या घड्या उन्हात उलगडल्या. चमचमणारे कण. चुंबक जवळ नेला तर सगळे त्याला चिकटले. पोलाद होतं ते, म्हणजे इंजिनाचे आतले भाग झिजत होते. मला पुढं बघवेना.

आमचे आजोबा माळेगावच्या यात्रेत बैलाचे दात बघायचे, पण चालवून बघितल्याशिवाय सौदा करायचे नाहीत. मी मात्र रंगावर भाळलो होतो, हेच लागलंय मनाला.

आता दुसरं एक बघितलंय. तेही १५२ च. १९०० तास झालेत, रंग पार उडालाय, सीटा फाटल्यात. पण आठवड्यातून चार दिवस उडतं आणि लॉगबुकात एक महिना रिकामा नाही. ओव्हरहॉल जवळ आलाय, तो खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करू. माझं मन तिथंच बसलंय. बाकी तिघांना अजून पटत नाही.

तू ये. ट्रॅक्टरची इंजिनं उघडण्यात तुझा जन्म गेला, तुझ्या कानावर माझा भरवसा आहे. मे संपायच्या आत आणि भर दुपारीच उडवून बघायचंय. आपल्याकडे ४० अंशाला २००० फुटांवरची धावपट्टी विमानाला साडेपाच हजार फुटांसारखी लागते, हवा इतकी विरळ होते. दोघं बसून, टाकी भरून ते दुपारचं कसं चढतं ते मला बघायचंय. सकाळच्या गारव्यात कुठलंही उडेल.

रेल्वेनं निघालास तर आदल्या रात्री ये, स्टेशनावर घ्यायला येतो. आणि तुझा तो लांब दांड्याचा आरसा विसरू नकोस.

तुझाच,
बाळ्या