बाबा, संध्याकाळचं फिरणं बंद करू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मागच्या गल्लीत घरफोडी झाल्यापासून बाबांचं फिरायला जाणं बंद झालंय आणि आई, तू दिवसाढवळ्याही पुढच्या खिडक्या लावून बसतेस, हे काल कळलं. "आपल्या भागातले गुन्हे तिप्पट झाले, ही वस्ती आता म्हाताऱ्यांची राहिली नाही, घर विकून टाकू," असंही बाबा म्हणाले. एवढं सगळं फोनवर बोलणं होत नाही, म्हणून लिहितेय.

तुमची भीती खोटी आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. कडी-कोयंडा उचकटून कुणी शिरलं, कपाटं उपसली, तेही आपल्यापासून शंभर पावलांवर. झोप उडणारच. पण "आपल्या भागातले गुन्हे तिप्पट झाले" या एका आकड्यावर घर विकायचं असेल, तर तो आकडा आधी उलगडून बघू या. गुन्ह्यांचा दर सहसा एक लाख लोकसंख्येमागे काढतात. समजा, एखाद्या वस्तीत 2,000 माणसं राहतात. एका वर्षी एक चोरी झाली तर दर निघतो 50, पुढच्या वर्षी तीन झाल्या तर 150. म्हणजे तिप्पट झाला खरा, पण चोऱ्या वाढल्या दोनच. बाजारपेठेत किंवा स्टेशनजवळ याहून उलटसुलट होतं. तिथे येणारे-जाणारे हजारो, पाकीट मारलं जातं त्यांचं, आणि दर काढताना भागाकार मात्र तिथे राहणाऱ्या मूठभर लोकांच्या संख्येने करायचा. शिवाय पोलिसांवर विश्वास बसला की लोक जास्त तक्रारी देतात, मग कागदावरचे गुन्हे आपोआप वाढतात. त्यामुळे छोट्या वस्तीचा एका वर्षाचा दर बघून काहीच ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चार-पाच वर्षांचे आकडे एकत्र बघावेत, आणि घरफोडी, मारामारी, वाहनचोरी हे वेगवेगळं बघावं.

आणि अख्खी वस्ती कधी वाईट नसते. लॉरेन्स शर्मन या अभ्यासकाने सहकाऱ्यांबरोबर अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये पोलिसांना वर्षभरात आलेले फोन पत्त्यांनुसार मांडले. 1989 साली ते छापून आलं. जेमतेम 3 टक्के पत्त्यांवरून निम्मे फोन आलेले होते! म्हणजे गुन्हा एखाद्या कोपऱ्यात, पडक्या घराशी, अंधाऱ्या बोळात साचतो. आपल्याकडचा तो बोळ तुम्हाला माझ्याहून चांगला ठाऊक आहे. तिथल्या खांबावरचा दिवा बंद असेल तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. रस्त्यावर चांगला उजेड केला की गुन्हे कमी होतात हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, आणि विशेष म्हणजे काही ठिकाणी दिवसाचे गुन्हेसुद्धा घटले.

आता ज्या गोष्टीची मला खरोखर काळजी वाटते ती सांगते. एक घर फोडलं की तेच घर आणि त्याच्या आसपासची घरं पुढचे काही दिवस जास्त धोक्यात असतात. पाच देशांमधल्या घरफोड्या तपासल्या तेव्हा 200 मीटरच्या आतल्या घरांना निदान दोन आठवडे हा वाढीव धोका दिसला. चोराला रस्ता, कुलपं, माणसांच्या वेळा माहीत झालेल्या असतात, म्हणून तो परत तिथेच येतो. तेव्हा आत्ताचे हे दिवस जपायचे आहेत. आयुष्यभर दारं-खिडक्या लावून बसायचं कारण नाही.

इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळ कर्कहोल्ट नावाची वसाहत आहे. 1986 च्या सुमारास तिथे घरफोड्यांचा नुसता सुळसुळाट होता. घराघरात नाणी टाकून चालणारे विजेचे आणि गॅसचे मीटर होते, चोर तेच फोडायचे. मग ते मीटर काढले, फोडलेल्या घरांची दारं-कुलपं लगेच पक्की केली, आणि त्या घराच्या अगदी लगतच्या पाच-सहा शेजाऱ्यांना सांगितलं की या एका घरावर लक्ष ठेवा. तीन-चार वर्षांत घरफोड्या 75 टक्क्यांनी कमी झाल्या. मला यातलं ते पाच-सहा शेजाऱ्यांचं सगळ्यात पटलं. आपल्याला मोठी समिती नको. डावीकडचं घर, उजवीकडचं, समोरची दोन आणि मागचं. आई, तू त्या सगळ्यांना ओळखतेस. ज्यांचं घर फोडलं त्यांच्याकडेही जाऊन ये, ते बिचारे सध्या सगळ्यात घाबरलेले असतील.

आणि म्हणूनच बाबा, तुमचं फिरणं. शिकागोच्या 343 वस्त्यांमध्ये हजारो लोकांशी बोलून केलेल्या एका अभ्यासात (1997) असं आढळलं की जिथे शेजारी एकमेकांवर विश्वास ठेवतात आणि काही वावगं दिसलं की मध्ये पडतात, तिथे हिंसाचार कमी असतो. गरिबी वगैरे गोष्टी हिशेबात धरल्या तरीही. तुम्ही रोज ठरलेल्या वेळी त्या रस्त्याने जाता, चार जणांशी थांबून बोलता, कोण नवं आलंय ते तुमच्या लक्षात येतं. तुमच्यासारखी माणसं घरात बसली की रस्ता ओस पडतो, आणि ओस रस्ता चोराला हवाच असतो.

मात्र ग्रुपवर येणारे "टोळी फिरतेय, सावध राहा" हे मेसेज पुढे पाठवू नका. ना तारीख, ना ठिकाण. 2018 च्या जुलैत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवण्याच्या अशाच अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं, ते मी विसरू शकत नाही. अनोळखी माणूस दिसला तर त्याला विचारा, "कुणाकडे जायचंय?" ज्याचं खरंच काम आहे तो सांगतो.

मागच्या दाराचा कोयंडा लाकडात दोन छोट्या स्क्रूंवर उभा आहे, एका पहारीत निघेल. मी शनिवारी येतेय, लांब स्क्रू आणि आतून आडवा अडसर बसवून घेऊ. तोवर गावाला जाणार असाल तर शेजारच्यांना सांगून जा, मोबाइलवर फोटो टाकू नका. मीटर बघायला आलोय म्हणणाऱ्याला साखळी लावूनच ओळखपत्र विचारा, आणि तो चिडला तर चिडू दे.

रात्री खुडबुड ऐकू आली तर बाबा, काठी घेऊन बाहेर जायचं नाही. दिवे लावा, आधी पोलिसांना फोन, मग समोरच्यांना, मग मला. कितीही वाजलेले असोत.

तुमची लेक