सायलीला कॅज्युअल्टीच करू द्या

लीड्स, बुधवार सकाळ

प्रिय आई-बाबा,

नाईट संपवून आत्ताच रूमवर आलेय, बाहेर अजून अंधारच आहे, झोपायच्या आधी हे लिहून टाकते कारण फोनवर बाबा चिडले की माझं निम्मं बोलणं राहूनच जातं. सायलीनं एमडीला इमर्जन्सी मेडिसिन, म्हणजे कॅज्युअल्टीचीच ब्रँच, घेते म्हटल्यावर तुम्ही म्हणालात ना, कॅज्युअल्टीत ड्यूटी करायला एमडी कशाला, ते तर कुठलाही एमबीबीएस करतो. ते काही डोक्यातून जात नाहीये.

काल रात्री सत्तरीच्या एक आजी आल्या, छातीत दुखत नव्हतं, नुसती मळमळ आणि दरदरून घाम, मुलगा म्हणत होता काहीतरी बाधलं असेल. सिस्टरनी दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढून माझ्या हातात दिला, हृदयाची खालची बाजू दाखवणाऱ्या तिन्ही रेघांमध्ये एसटी नावाचा भाग वर गेलेला, म्हणजे हार्ट अटॅकच. अशा वेळी लगेच जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवायची नसते, आधी उजव्या बाजूचा ईसीजी बघायचा, कारण हृदयाचा उजवा कप्पाही अटॅकमध्ये सापडला असेल तर त्या गोळीनं बीपी धाडकन खाली येतं. 300 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावायला दिली, अँजिओप्लास्टी करतात त्या कॅथलॅबला फोन लावला, आजींना तिकडे नेलं.

बाबा, अप्पाकाकांचंही असंच झालं होतं ना? गॅस झालाय म्हणून इंजेक्शन देऊन रात्रभर ठेवलं आणि ईसीजी सकाळी काढला. तिथला पोरगा वाईट नव्हता हो, त्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं. हेच शिकायला तीन वर्षांचं एमडी लागतं.

आपल्याकडे 2009 पासून ही वेगळी स्पेशालिटी म्हणून मान्य आहे. इथं डॉक्टर झाल्यावरची फाउंडेशनची दोन वर्षं झाली की पुढं सहा वर्षं फक्त याचंच ट्रेनिंग असतं, आणि ब्रिटनमधला कॅज्युअल्टीचा पहिला कन्सल्टंट 1952 साली नेमला तो याच लीड्समध्ये.

आई, तुझी काळजी खोटी नाही. स्वतःचं क्लिनिक टाकता येत नाही, सणावाराला ड्यूट्या असतातच, या दिवाळीतही मी रिससमध्येच, म्हणजे अत्यवस्थ पेशंटच्या खोलीतच, होते. मागच्या महिन्यात एक बाळ वाचलं नाही, दोन दिवस मला जेवण गेलं नाही. हे सगळं मी सायलीलाही सांगितलंय, काही लपवलं नाही, तरी ती हेच म्हणतेय.

तिला म्हणावं इंटर्नशिपमधल्या कॅज्युअल्टीच्या नाईट्स कुणाशी बदलू नकोस, सगळ्या स्वतः कर, पहाटे चारला ट्रॉल्या भरलेल्या असताना आधी कुणाकडे जायचं हे तिला तिथंच कळेल, आणि त्यानंतरही हीच ब्रँच हवी वाटली तर बाबांनी एमडीच्या अ‍ॅडमिशनच्या काउन्सेलिंगच्या वेळी दुसरं काही भरायला लावू नये. रविवारी तुमच्या संध्याकाळी फोन करते. बाबा, बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
ताई