अंगठा न उठणाऱ्यांचे काय?

‘संगणकाचे भविष्य’ या विषयावर रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. कळफलक जाईल, पासवर्डही जाईल, आपला चेहरा आणि बोटेच किल्ली होतील, असे त्यात म्हटले आहे. आमच्या जिल्ह्याला हे भविष्य नवे नाही. देशातले पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावातच दिले गेले.

लेखकाने गृहीत धरले आहे की प्रत्येकाच्या बोटांवर रेषा शाबूत असतात. माझ्या आईचे आयुष्य निंदणी-खुरपणीत गेले. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर तिचा अंगठा पाच-सहा वेळा पुसूनही उठत नाही. मग दुकानदार म्हणतो, “आजी, उद्या या.” ओटीपीचा पर्याय आहे म्हणावे, तर मोबाइल माझ्याकडे आणि मी कामावर! (सर्व्हर बंद असतो ते दिवस वेगळेच.)

केवळ यंत्राला ओळख पटली नाही म्हणून पात्र व्यक्तीला लाभ नाकारू नये, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या आधार निकालात स्पष्ट आहे. तेव्हा प्रत्येक दुकानात अशा ग्राहकांसाठी नोंदवही ठेवावी, रेशनकार्ड पाहून त्याच दिवशी धान्य द्यावे आणि हा नियम ठळक अक्षरांत दर्शनी भागात लावावा. याला कुठलेही नवे तंत्रज्ञान लागत नाही, पुरवठा विभागाचे एक परिपत्रक पुरेल.

– एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)